अक्षरामागचा आकडा

पाऊस, रेल्वेची गर्दी आणि मुलांच्या परीक्षा हे मध्यमवर्गीय माणसाच्या संभाषणाचे तीन जुने आणि हुकमी विषय. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांत एका चौथ्या विषयाची भर पडली आहे. तो विषय म्हणजे संगणक आणि त्याच्याकडून हरघडी होणारी अडवणूक. काल चालत असलेली आज्ञावली आज चालत नाही; काल उजव्या कोपऱ्यात असलेले बटण रातोरात डाव्या कोपऱ्यात जाऊन बसते; मुंबईहून पाठविलेला तक्ता नागपुरास पोचेपर्यंत त्याचे रकाने एकमेकांत शिरलेले असतात; आणि ज्या कामासाठी आपण यंत्रापुढे बसलो ते बाजूस ठेवून प्रथम यंत्राचेच काही काम उरकून द्यावे लागते. श्रोते हो, या तक्रारींचा पाढा वाचण्याचा माझा विचार नाही. त्यांतील बहुतेक तात्पुरत्या असतात. घरातील एखादा सोळा वर्षांचा मुलगा येतो, दोन कळा दाबतो, आपल्याकडे किंचित दयेने पाहतो आणि काम मार्गी लागते.

परंतु या तक्रारींत एक तक्रार अशी आहे की, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्यास फारशी येत नाही, जिचे कारण समजावून घेण्याचे श्रम आपल्यापैकी थोड्यांनीच घेतले आहेत, आणि जिच्यामुळे झालेली हानी पुष्कळदा कधीच भरून येत नाही. ती तक्रार म्हणजे मराठीत लिहून ठेवलेली, परंतु आता मराठीत वाचता न येणारी फाईल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जपून ठेवलेला मजकूर आपण उत्सुकतेने उघडतो, आणि समोर मराठीचे एकही अक्षर नसते. दिसतात ती अर्थहीन इंग्रजी अक्षरे, मधूनच कंस, मधूनच टक्क्याची खूण, एखादे उद्गारचिन्ह. मजकूर नाहीसा झालेला नसतो; तो तेथेच असतो. आपल्याच घरात, आपल्याच कपाटात, पण परक्या वेषात. असे का होते आणि त्यावर आपल्या हाती काय उपाय आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. आपण पडद्यावर ‘क’ पाहतो, तेव्हा यंत्राच्या पोटात एक आकडा असतो, आणि त्या आकड्याचा अर्थ ‘क’ असा लावावयाचा, हे कोणीतरी पूर्वी ठरविलेले असते. इंग्रजीच्या बाबतीत हा करार फार लवकर झाला. १९६३ साली अमेरिकेत एक प्रमाण संकेत प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘आस्की’. त्यात एकंदर १२८ जागा होत्या, आणि पुढे इंग्रजी वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर ६५ या आकड्याने ओळखावयाचे हे जवळजवळ सर्व यंत्रांनी मान्य केले. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा इंग्रजी मजकूर आजचे यंत्रही बिनचूक वाचते. करार एक असला की यंत्रे कितीही बदलली तरी मजकूर अबाधित राहतो.

आपल्या लिप्यांसाठीही असा करार करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. उलट तो पुष्कळ विचारपूर्वक झाला, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९८० नंतरच्या वर्षांत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलभूत काम झाले. १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तेथे पुढे चालू राहिले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांचा संकेत प्रसिद्ध केला. त्याला ‘इस्की’ म्हणतात. त्याची कल्पना अशी होती की, देवनागरीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि तेलुगूतील ‘क’ यांचा आकडा एकच असावा. कारण आकार निराळे असले तरी उच्चाराने आणि वर्णमालेतील स्थानाने ते अक्षर एकच आहे. कळफलकाचीही रचना याच तत्त्वावर झाली. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली असतात. कोलकात्यात राहणारा मराठी माणूस एकदा त्यावर मराठी टंकन शिकला की त्याच कळांवर त्याला बंगालीही लिहिता येते. पाणिनीच्या देशाला शोभावी अशीच ही व्यवस्था होती.

मग बिघडले कोठे? बिघडले ते आपल्या घाईत. त्या काळी बाजारातील सामान्य संगणकावर आणि छपाईच्या प्रचलित आज्ञावल्यांत हा संकेत सहजासहजी चालत नसे. छापखान्यांना उद्याची पत्रिका आजच छापावयाची होती, वर्तमानपत्रांना सकाळचा अंक काढावयाचा होता, आणि कचेऱ्यांना परिपत्रके धाडावयाची होती. तेव्हा एक सोपी युक्ती सर्वत्र रूढ झाली. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेले आकडे तसेच ठेवावयाचे, पण त्या आकड्यांपुढे पडद्यावर उमटणारा आकार तेवढा मराठी ठेवावयाचा. यंत्राची समजूत अशी की आपण इंग्रजी लिहीत आहोत. माणसाला दिसते ते मात्र मराठी. हा सगळा खेळ फॉन्टवर, म्हणजे अक्षरांच्या आकारांच्या संचावर, अवलंबून. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर मजकूर उघडला तर मराठी दिसणार. नसलेल्या यंत्रावर उघडला तर सोंग उतरणार आणि खालचे इंग्रजी रूप उघडे पडणार.

बरे, ही युक्ती सर्वांनी एकाच रीतीने केली असती तरीही निभावले असते. पण प्रत्येक निर्मात्याने आपापली मांडणी निराळी केली. एका फॉन्टमध्ये ज्या आकड्यापुढे अर्धा ‘क’, दुसऱ्यात त्याच आकड्यापुढे ‘थ’. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेली असतील. या फॉन्टांनी त्या काळात मराठीची छपाई चालती ठेवली, मराठी पुस्तके स्वस्त आणि सुबक केली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि पुण्याच्या लेखकाने एका फॉन्टमध्ये लिहावे, मुंबईच्या संपादकाने दुसऱ्यात उघडावे, आणि दोघांनी दूरध्वनीवरून एकमेकांस “तुमच्याकडे काय दिसते आहे?” असे विचारीत बसावे, हा तमाशा त्या वर्षांत नित्याचा होता. काही आज्ञावल्यांबरोबर तर एक लहानसे कुलूपयंत्र येत असे. ते यंत्राच्या पाठीमागे लावल्याखेरीज आज्ञावली चालत नसे, आणि ते हरवले की आपलेच लिखाण आपल्याला बंद.

या युक्तीत आणखी एक मूलगामी दोष होता. तिने अक्षर साठविले नाही. अक्षराचे तुकडे साठविले. छापखान्यातील जुळारी ज्याप्रमाणे खिळ्यांच्या खणांतून अर्धे अक्षर, काना, वेलांटी असे सुटे भाग उचलून शब्द जुळवीत असे, त्याचप्रमाणे हे फॉन्ट आकारांचे तुकडे एकापुढे एक ठेवीत. जुळाऱ्याला त्यात वावगे काही नव्हते, कारण त्याला शब्द फक्त छापावयाचा होता. पण संगणकाकडून आपली अपेक्षा छापण्यापुरती नसते. त्याने शोधावे, लावावे, मोजावे अशी आपली इच्छा असते. येथेच गाडी अडते. ह्रस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून या पद्धतीत ती साठविलीही आधीच जाते. परिणाम असा की, नावांची यादी वर्णानुक्रमे लावावयास सांगितली तर किसन, गिरिजा, दिनकर, विनायक आणि शिवराम ही सगळी मंडळी वेलांटीच्या छत्राखाली एकत्र जमतात, आणि कमल, गणपत व दत्तात्रय त्यांच्यापासून दूर पडतात. ‘अर्जुन’मधील रफार उच्चारात ‘ज’च्या आधी येतो, पण साठविताना शब्दात मागे जातो. सरकारी नोकरीत ज्याने एखादी लांबलचक यादी हाताळली आहे त्याला या विनोदातील कारुण्य समजावून सांगावयास नको. यादीत नाव असते, माणूस समोर उभा असतो, आणि यंत्र सांगत असते की असा माणूस नाही.

या प्रकारामुळे नेमके काय हरवते हे मला एका वृद्ध स्नेह्यांमुळे समजले. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. घराणे दोन पिढ्यांपूर्वी इंदुरास स्थायिक झालेले. त्यांच्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. आईच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी तिच्याजवळ बसून सुमारे ६०० ओव्या वह्यांत उतरवून घेतल्या. पुढे १९९८ साली एका टंकलेखन केंद्रातून त्या सर्व संगणकावर चढविल्या. काम सुरेख झाले. आता सारे यंत्रात सुरक्षित आहे अशा समजुतीने घर बदलताना वह्या रद्दीत गेल्या. अठरा वर्षांनी, २०१६ मध्ये, ओव्यांचे पुस्तक करावे असे मनात आले, तेव्हा त्यांनी ती फाईल उघडली. पुढे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. इंग्रजी अक्षरांचा एक निरर्थक डोंगर. टंकलेखन केंद्र केव्हाच बंद झालेले. फॉन्ट कोणता वापरला होता हे सांगणारे कोणी नाही.

एका तरुण अभियंत्याने चिकाटीने अक्षरांच्या जोड्या लावून बहुतेक मजकूर मराठीत परत आणला. परंतु एक गोष्ट त्याच्याही हातची नव्हती. मध्यंतरी कोणीतरी ती फाईल ‘साधा मजकूर’ म्हणून पुन्हा साठविली होती. त्या क्रियेत १२८ च्या वरचे आकडे यंत्राला ओळखता आले नाहीत आणि त्या प्रत्येकाच्या जागी त्याने एकेक प्रश्नचिन्ह ठेवून दिले. त्या फॉन्टमध्ये विरळ जोडाक्षरे नेमकी याच वरच्या आकड्यांवर होती. त्यामुळे ओव्या परत आल्या, पण जागोजाग प्रश्नचिन्हे घेऊन आल्या. ‘वि’ आणि ‘ल’ यांच्यामधले प्रश्नचिन्ह पाहून विठ्ठलाचे नाव कोणीही ओळखील. वारीचे, भावाचे, माहेराचे शब्दही संदर्भाने जुळविता आले. पण आईच्या बोलीतील असे काही शब्द होते की जे कोणत्याही कोशात नाहीत. तेथे प्रश्नचिन्ह तसेच राहिले. त्या स्नेह्यांनी मला हस्तलिखित दाखविताना एवढेच म्हटले, “आईला विचारले असते.” त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

ज्या दोषामुळे हे घडले त्याचे निवारण वास्तविक तोवर झालेले होते. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेत असावा या हेतूने ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला स्वतःच्या हक्काच्या १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी आपल्याच ‘इस्की’च्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेण्यात आली. म्हणजे आपण घरी ज्या नियमाची आबाळ केली तोच नियम जगाने स्वीकारून आपल्याला परत दिला. येथे ‘क’चा आकडा ‘क’चाच असतो, तो दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या अक्षराचा उसना नसतो. वेलांटी कोठेही दिसो, ती व्यंजनानंतरच साठविली जाते. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठी कवी आणि सुलेखनकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्यांनीच घडविलेली अक्षरे देशभरच्या कचेऱ्यांतील पडद्यांवर उमटू लागली, ही गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते.

नवा करार आला म्हणजे सर्व काही सुरळीत झाले असेही नाही. ‘ॲडव्होकेट’ या शब्दाचा आरंभीचा स्वर मराठीला नित्य लागतो. पण युनिकोडात त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोपर्यंत लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत. आज दोन्ही रीती चालू आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि वकिलांच्या यादीतील निम्मे वकील शोधताना गैरहजर राहतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील तो खास मराठी अर्धा ‘र’ही दोन प्रकारांनी लिहिला जातो आणि असाच घोटाळा करतो. जुलै २०१० मध्ये रुपयाचे नवे चिन्ह मान्य झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला युनिकोडात जागाही मिळाली. परंतु तेवढाही धीर आपल्याला निघाला नाही. मधल्या काळात एक फॉन्ट पसरला, आणि त्यात कळफलकाच्या कोपऱ्यातील एका क्षुल्लक चिन्हाला रुपयाचे रूप देण्यात आले होते. देयक एका यंत्रावर रुपयांचे, तर दुसऱ्यावर नुसत्या तिरक्या रेघेचे! जी चूक आपण वर्णमालेच्या बाबतीत केली होती, तीच एका चिन्हासाठी पुन्हा केली.

अक्षरांचा प्रश्न सुटला तरी फाईलच्या घडणीचा, म्हणजे ज्याला आपण फॉरमॅट म्हणतो त्याचा, प्रश्न उरतोच. मराठी प्रकाशनव्यवसायाने आपली कित्येक वर्षांची पुस्तके ‘पेजमेकर’ नावाच्या आज्ञावलीत जुळविली. तिची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. तिच्या जागी आलेल्या ‘इनडिझाइन’मध्ये जुन्या फायली उघडण्याची सोय २०१२ सालच्या आवृत्तीपर्यंत होती, पुढे ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे आज एखाद्या प्रकाशकाला जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढावयाची तर पुष्कळदा ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा टंकित करावे लागते. खर्च परवडत नाही म्हणून पुस्तक निघतच नाही. वाचकाला वाटते, पुस्तकास मागणी नाही. खरे कारण असते ते न उघडणाऱ्या फाईलमध्ये.

सरकारी नोकराच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग पाडण्याची जुनी पद्धत आहे. ‘अ’ वर्गातील कागद कायमचे जपावयाचे. ‘ब’ वर्गातील ३० वर्षे. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या डोळ्यांपुढे कागद, शाई आणि वाळवी एवढ्याच गोष्टी होत्या. परंतु नियम आजही लागू आहे, आणि कागदाच्या जागी फाईल आली आहे. कोणता निर्माता आपल्या आज्ञावलीची ३० वर्षांची हमी देतो? ‘कायम’ या शब्दाचा अर्थ तर त्या व्यवसायास माहीतच नाही. म्हणून फॉरमॅट खुला असावा, म्हणजे त्याची रचना प्रसिद्ध असावी आणि कोणालाही परवानगी वा मोबदला न देता त्याचा उपयोग करता यावा, हा आग्रह तात्त्विक हौस म्हणून धरावयाचा नसतो. तो अभिलेखपालाच्या साध्या कर्तव्याचा भाग आहे. लेखनाच्या फायलींसाठी एक खुला फॉरमॅट २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला होता. त्यानंतर एका बलाढ्य कंपनीचा दुसरा फॉरमॅटही प्रमाण म्हणून पुढे आला, तेव्हा भारतीय मानक ब्यूरोने त्याच्या विरुद्ध मत दिले, आणि २००८ मध्ये तो संमत झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्यासह भारतानेही अपील केले. अपील यशस्वी झाले नाही. तथापि २०१० च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने आपल्या इलेक्ट्रॉनिक कारभारासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले. या बातम्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आल्या नाहीत. पण आपल्या जमिनीचा, निवृत्तिवेतनाचा आणि जन्मनोंदीचा कागद आपल्या नातवाला वाचता येईल की नाही, हे अशाच रुक्ष निर्णयांवर अवलंबून असते.

या संदर्भात मला नेहमी मोडीची आठवण होते. मोडी लिपी व्यवहारातून गेली, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद सामान्य मराठी माणसाला परके झाले. तंजावरापर्यंत मोडीचे कागद पसरलेले आहेत आणि वाचणारे थोडे आहेत. ही हानी लहान नव्हे. पण मोडीच्या कागदाचा एक गुण पाहा. त्याची किल्ली कोणाच्या मालकीची नाही. काही महिने मेहनत करील त्या कोणाही माणसाला ती साध्य होते. गो. स. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी १९३० च्या सुमारास त्या दफ्तरास भिडले आणि पुढील चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. कागद शंभर-दोनशे वर्षे गप्प होता, पण विचारल्यावर बोलला. २०१४ साली मोडीलाही युनिकोडात स्वतःची जागा मिळाली. म्हणजे अठराव्या शतकातील कारकुनाच्या अक्षराला आज पक्का पत्ता आहे, आणि १९९८ सालच्या टंकलेखकाच्या अक्षराला नाही. जुन्या गोष्टी नष्ट होतात आणि नव्या टिकतात ही आपली समजूत या बाबतीत उलटी ठरली आहे.

अलीकडच्या प्रवाहांकडे पाहिले तर सावध राहण्याचीच गरज अधिक दिसते. पूर्वी आज्ञावली विकत मिळे. आता बहुतेक ठिकाणी ती भाड्याने मिळते, आणि भाडे थकले की आपल्याच फायलींत काही लिहिणे कठीण होते. आपले लिखाण आपल्या घरी न राहता दूरच्या कोणाच्या तरी यंत्रावर राहते. भ्रमणध्वनीवरून निमंत्रणे, सूचना, श्रद्धांजली, सर्व काही चित्रांच्या रूपाने फिरते. त्या चित्रांत शब्द दिसतात, पण ते शब्द म्हणून साठविलेले नसतात. आणि आता तर चित्रातील अक्षरे वाचणारी, तुटलेली वाक्ये पुरी करून देणारी नवी यंत्रे आली आहेत. त्यांची करामत खरोखर थक्क करणारी आहे, आणि जुने मजकूर सोडविण्याच्या कामी त्यांचा उपयोग होतो, हेही खरे. पण एक भेद विसरून चालणार नाही. माझ्या स्नेह्यांच्या हस्तलिखितातील प्रश्नचिन्हांच्या जागी असे यंत्र क्षणार्धात सुंदर शब्द बसवून देईल. वृत्तही सांभाळील. मात्र तो शब्द त्या माउलीचा असेलच असे नाही. अंदाज आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंद जेथे हरवली तेथे अंदाज बांधावा, पण त्याला अंदाजच म्हणावे.

मग आपण काय करावे? उपाय फार अवघड नाहीत. ज्यांच्याजवळ जुन्या फॉन्टमधील मजकूर आहे त्यांनी तो आताच युनिकोडात आणून घ्यावा. प्रचलित असलेल्या बहुतेक जुन्या फॉन्टांसाठी रूपांतराची साधने आज उपलब्ध आहेत, आणि त्या काळात काम केलेले टंकलेखक व जुळारीही अजून आपल्यामध्ये आहेत. फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर ते एका चिठ्ठीवर लिहून सीडीबरोबर ठेवावे. नाव कळले की निम्मे काम झाले. रूपांतर केल्यावर मूळ फाईल पुसू नये आणि तिच्यात फेरबदलही करू नये. मजकुराची एक प्रत साध्या युनिकोड मजकुराच्या रूपात, आणि दुसरी पीडीएफच्या त्या प्रकारात ठेवावी की जो जतनासाठीच २००५ साली प्रमाणित झाला आहे आणि ज्यात फॉन्टही फाईलच्या आतच बंदिस्त असतो. शक्य तर एक प्रत चांगल्या कागदावर छापून ठेवावी. आणि कोणी कितीही आश्वासन दिले तरी हाताने लिहिलेली वही रद्दीत देऊ नये. संस्थांनी नवी आज्ञावली घेताना तिच्यात काय काय करता येते हे विचारतात तसे, उद्या ती सोडावयाची वेळ आली तर आपला मजकूर कोणत्या रूपात बाहेर पडेल, हेही विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

आपल्या भाषेत लेखनाच्या घटकाला ‘अक्षर’ म्हणतात. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर. हे नाव देणाऱ्यांनी एक मोठा विश्वास व्यक्त केला होता. तो खरा करण्याची जबाबदारी दगडावर कोरणाऱ्याने उचलली, भूर्जपत्रावर लिहिणाऱ्याने उचलली, मोडीचे रुमाल बांधून ठेवणाऱ्या कारकुनानेही उचलली. आता पाळी आपली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात वडिलांच्या आठवणींची, एखाद्या मंडळाच्या इतिवृत्ताची किंवा न छापलेल्या कवितांची एखादी जुनी सीडी पडून असेल. नव्या संगणकांना सीडी वाचण्याची खिडकीही आता बहुधा नसते. तेव्हा येत्या रविवारी ती शोधून काढावी, शेजारीपाजारी कोणाकडे जुने यंत्र असेल तर त्यात घालून पाहावी, आणि आत काय आहे ते सांगू शकणारे माणूस घरात असतानाच ती उघडावी.